आधी उंदराला बसू दे

पोरी, एम. फार्मला निर्गुडी घेतलीस, बरं केलंस. गुडघे धरले की पाला गरम करून बांधतात, हे तू घरी पाहिलंच आहेस. पण आजी सांगते तरी, आता बरं वाटतंय म्हणून. उंदीर सांगत नाही. त्याचं दुखणं आपण सेकंदांत मोजतो, आणि त्या सेकंदांत दुखण्याशिवाय पुष्कळ काही मिसळलेलं असतं. ते वेगळं काढायला शीक.

पहिली गोष्ट उन्हाळ्याची. तू घाटावर, बुलढाण्यात आहेस, तुला जरा सुसह्य. मी घाटाखाली नोकरी केली. एका एप्रिलात आम्ही टेल-फ्लिक लावलं. शेपटीवर उष्णतेचा झोत सोडायचा आणि ती किती सेकंदांत झटकते ते बघायचं, १९४१ पासून चालत आलेली पद्धत. कंट्रोलचा गट सकाळी केला, औषधाचा दुपारी. मधे लाइट गेली, कूलर बंद. औषध दिलेले उंदीरच लवकर शेपूट झटकायला लागले! मुलं निकाल लिहायला निघाली होती, मी थांबवलं. उंदीर अंगातली उष्णता शेपटीतून बाहेर टाकतो. खोली तापली की शेपूट आधीच गरम, मग झोत पडायचा अवकाश, झटकलीच. औषधाचा काही दोष नव्हता. सगळे उंदीर वाया गेले, त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून दोन्ही गटांतले उंदीर आलटूनपालटून घे, एकाच वेळेला घे, आणि प्रत्येक रीडिंगशेजारी खोलीचं तापमान लिही.

दुसरी चाचणी हॉट प्लेटची, तापवलेल्या प्लेटवर उंदीर ठेवायची. आमच्याकडं ती ५५ अंशांवर ठेवायचे आणि १५ सेकंदांना उंदीर उचलायचाच, त्यानं काही केलं असो वा नसो. तो आकडा ओलांडायचा नाही, पाय भाजतात. मागचा पाय चाटला किंवा उडी मारली तरच घड्याळ थांबव. पुढचे पाय तो एरवीही चाटतो, तोंड पुसायला. एका उंदराला पुन्हापुन्हा प्लेटवर ठेवलंस तर तो शिकतो आणि लवकर उडी मारतो, त्याला दुखणं वाढलं असं समजू नको. दोन उंदरांच्या मधे प्लेट पुसून काढ, आधीच्याचा वास राहतो.

निर्गुडीबद्दल एक खास सांगते. अर्कानं उंदीर सुस्तावला, तरी तो प्लेटवर जास्त वेळ बसतो. कागदावर ते वेदनाशमनच दिसतं. रोटारॉडवर त्याचा तोल आधी तपास. फिरत्या दांडीवरून पडत असेल, तर तो डोस बाजूला ठेव. ॲसिटिक ॲसिडच्या चाचणीत पोट आवळणं मोजतात, पण तिच्यात वेदनाशामक नसलेली औषधंही फसवून जातात. त्या एकीवर विसंबू नको.

उंदीर शेपटीनं उचलायची आपल्याकडं जुनी सवय. ती मोडायला मला वेळ लागला. २०१० मध्ये इंग्लंडमधल्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी दाखवलं, की ओंजळीत किंवा नळीतून उचललेले उंदीर कमी घाबरतात. घाबरलेल्या उंदराचं दुखणं दबतं. कॅनडात जेफ्री मोगिल यांच्या प्रयोगशाळेत २०१४ मध्ये तर असं आढळलं, की पुरुषाच्या अंगचा वास, नुसता त्याचा घातलेला टी-शर्टसुद्धा, जवळ असला तरी उंदरांचं दुखणं कमी दिसतं. म्हणून सगळी रीडिंगं तू एकटीनंच घे. कोणाला मधेच डोकावू देऊ नको. आणि कुठल्या उंदराला काय दिलंय हे तुला ठाऊक नसावं, कोड मैत्रिणीकडं ठेव.

चेहरा बघायलाही शीक. मोगिल यांच्याच गटानं २०१० मध्ये त्याची मोजपट्टी केली: डोळे मिटलेले, नाक आणि गाल फुगलेले, कान मागे, मिशांची ठेवण बदललेली, प्रत्येकाला ० ते २ गुण. दोन-चार सेकंदांच्या चटक्याला ती नाही, तासभर टिकणाऱ्या दुखण्याला आहे. पण चाचणी झाल्यावर पिंजऱ्यात तसा चेहरा दिसला, तर गाइडना लगेच सांग. एथिक्स कमिटीनं मंजूर केले त्याहून एक उंदीर जास्त मागू नको.

उद्या पिंजरे खोलीत आणलेस की स्टॉपवॉचला हात लावू नको. एक तास तशीच बस. तुसात शिरतील, अंग चाटतील, मग एकेक झोपेल. त्यानंतर पहिला उचल, दोन्ही हातांनी.