तक्रारींच्या नोंदी : चाळणी, क्रम आणि मोजणी

एखाद्या पंचायत समितीकडे वर्षभरात आलेल्या तक्रारी संगणकावर साध्या मजकुराच्या फाईलमध्ये उतरविल्या आहेत, असे धरू. एका ओळीत एक नोंद. तारीख, गाव व विषय यांमध्ये स्वल्पविराम. पिण्याच्या पाण्याविषयी सर्वाधिक तक्रारी कोणत्या गावाच्या, हे काढावयाचे आहे. टँकर प्रथम कोठे धाडावयाचा, ते त्यावर ठरणार असते.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्स प्रणालीत यासाठी छोट्या आज्ञा आहेत. ‘ग्रेप’ दिलेला शब्द असलेल्या ओळीच पुढे सोडते, ‘कट’ हवा तो रकाना वेगळा काढते, ‘सॉर्ट’ ओळी क्रमाने लावते आणि ‘युनिक’ सारख्या ओळींची एक ओळ करून, सांगितल्यास, तिच्यापुढे संख्या मांडते. एकीचे फलित दुसरीच्या हाती देणारी उभी रेघ म्हणजे ‘पाइप’. डग्लस मॅक्‌इलरॉय यांच्या आग्रहामुळे ही सोय १९७३ मध्ये युनिक्समध्ये आली. ‘युनिक’ केवळ लागोपाठच्या ओळी ताडून पाहते. म्हणून तिच्याआधी ‘सॉर्ट’ हवीच. मोजणीनंतर संख्येच्या उतरत्या क्रमाने पुन्हा एकदा ‘सॉर्ट’ केली की यादी सिद्ध होते.

मात्र आज्ञेला अर्थ कळत नाही, अक्षरे तेवढी कळतात. ‘पाणी’ हा शब्द दिल्यास ‘पाण्याचा तुटवडा’ ही नोंद गळते, कारण मराठीत विभक्तीपूर्वी शब्दाचे रूप पालटते. नुसते ‘पाण’ द्यावे, तर पाणंद रस्त्याच्या तक्रारीही पाण्यात येऊन पडतात! तेव्हा ‘पाणी’ आणि ‘पाण्या’ अशी दोन्ही रूपे देणे इष्ट.

गावाच्या नावाचा घोटाळा याहून गंभीर होय. कोणी ‘वडगाव’ लिहितो, कोणी जुन्या वळणाने ‘वडगांव’. एका अनुस्वाराने गावाच्या बारा तक्रारी सात आणि पाच अशा दुभंगतात. नऊ तक्रारींचे गाव यादीत वर चढते व टँकर तिकडे वळतो. यंत्राने मात्र कोठेही चूक केलेली नसते. ‘सेड’ या आज्ञेने पहिल्या ‘सॉर्ट’पूर्वी सर्वत्र एकच लेखन करून घेता येते. परंतु एकाच तालुक्यात वडगाव नावाची दोन गावे असली, तर हाही उपाय लंगडा पडतो. अशा वेळी नोंद करतानाच नावाशेजारी जनगणनेतील गावाचा सांकेतिक क्रमांक लिहावा आणि मोजणी त्या रकान्यावर करावी.