अश्रूंचा झरा आणि मज्जातंतू

फोडणीत मिरची पडली की ठसका नाकाला बसतो. पाणी मात्र डोळ्यांत येते. या नित्याच्या अनुभवामागे नाक व डोळा यांना जोडणारी मज्जातंतूंची व्यवस्था आहे. डोळे कोरडे पडण्याच्या विकारावर आता तिचाच उपयोग करून घेतला जात आहे.

अश्रूंचे कार्य

पापणी मिटताच डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचा पातळ थर पसरतो. स्निग्ध द्रव्य, पाणी व श्लेष्म हे त्याचे घटक होत. हा थर अपुरा पडला किंवा लवकर सुकला की डोळे खुपतात, जळजळतात, लाल होतात व अंधुक दिसू लागते. कृत्रिम अश्रूंच्या थेंबांनी आराम पडतो. तथापि तो तात्पुरता असतो.

आज्ञेचा मार्ग

नाकाच्या अंतस्त्वचेची व डोळ्याची संवेदना पाचवा मस्तिष्क-मज्जातंतू मेंदूकडे नेतो. तेथून सातव्या मज्जातंतूच्या वाटेने अश्रुग्रंथीस आज्ञा पोहोचते आणि अश्रू स्रवतात. म्हणजेच हे उपचार बाहेरून पाणी घालत नाहीत, तर शरीराच्या स्वतःच्या झऱ्यास चालना देतात.

अमेरिकेत २०१७ मध्ये नाकपुड्यांत सौम्य विद्युत्-स्पंद देणारे उपकरण मान्य झाले; पुढे ते विक्रीतून काढून घेण्यात आले. ऑक्टोबर २०२१ मध्ये व्हॅरेनिक्लीन या औषधाचा नाकात मारावयाचा फवारा तेथे मान्य झाला. तो दिवसातून दोनदा, प्रत्येक नाकपुडीत एकेक वेळ घ्यावयाचा असतो. बहुतेकांना त्याने शिंका येतात. मे २०२५ मध्ये डोळ्यातील थंडाव्याची जाणीव करून देणाऱ्या मज्जातंतूंना चेतविणारे अ‍ॅकोल्ट्रेमॉनचे थेंबही तेथे मान्य झाले.

मर्यादा व दक्षता

विहीरच आटली असेल तर पंप सुरू करून पाणी येत नाही. त्याचप्रमाणे अश्रुग्रंथी पुरती निकामी झाली असल्यास मज्जातंतूंना दिलेली चालना व्यर्थ ठरते. म्हणून आधी कारण शोधणे अगत्याचे आहे. खालच्या पापणीत कागदाची पट्टी ठेवून केलेल्या चाचणीत पाच मिनिटांत ती पाच मिलिमीटरही भिजली नाही, तर अश्रू फारच कमी आहेत असे समजतात.

बालकांच्या डोळ्यांचा कोरडेपणा ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावानेही येतो. त्यावर फवारा वा थेंब हा उपाय नव्हे. तिन्हीसांजेस चाचपडणारे मूल शिक्षकांच्या किंवा पंचायत सदस्यांच्या दृष्टीस पडल्यास त्याला विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. वेळीच मिळालेल्या ‘अ’ जीवनसत्त्वाने त्याची दृष्टी वाचू शकते.