स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेव

मुलुंड (पूर्व)

चि. भाचेबुवांस अनेक आशीर्वाद.

तू व्हॉट्सॲपवर पाठवलेलं ऐकलं. गाणं सुरू होतं ठणठणीत, आणि शेवटाकडे बालगंधर्वांचा आवाज जाडा होत होत बसतो. तेवढ्यावरून आजोबांचा एचएमव्ही 102 ग्रामोफोन 'गेला' असं तुम्ही बोरिवलीत बसून ठरवलंत! 1931 साली निघालेलं मॉडेल आहे ते, असं सहजी जात नाही.

आधी दोष कोणाचा ते ठरव: तबकडीचा, मोटरचा की सुई धरणाऱ्या साउंडबॉक्सचा. तबकडीच्या कडेखाली कागदाची चिठ्ठी सरकव, सुई ठेव आणि अर्ध्या मिनिटात चिठ्ठी किती वेळा समोरून जाते ते मोज. 39 भरले की वेग मिनिटाला 78 फेरे, म्हणजे ठीक. गाणं संपत आलं की पुन्हा मोज. तेव्हा 35 आले तर स्प्रिंग दमतेय किंवा तिच्यातलं ग्रीस वाळलंय. मधूनच पेटीच्या पोटात 'धब्' होत असेल तर ग्रीसच समज. स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि झटक्याने सुटतात.

सूर दर फेऱ्याला एकदा हेलकावत असेल तर मशीनला बोल लावू नकोस. अशा तबकडीचं भोक मधोमध नसतं. दुसरी लावून बघ. कसाही डळमळत असेल तर मात्र गव्हर्नर. त्याची तीन वजनं वेगाबरोबर बाहेर फाकतात, त्यासरशी एक चकती सरकून चामड्याच्या तुकड्याला घासते आणि वेग आवरतो. ते चामडं कोरडं पडलं की संपलं. तेलाचा एक थेंब पुरतो, दोन नकोत. (फार जुन्या तबकड्या सगळ्याच 78 वर भरलेल्या नाहीत. तिथे चिठ्ठीपेक्षा आईची बाजाची पेटी जास्त खरं सांगेल.)

आवाज चरचरला तर आधी सुई बदल. एका बाजूला एक पोलादी सुई. इथे कंजूषपणा केलास तर तबकडीच्या रेघा कुरतडल्या जातात. नव्या सुईनेही चरचर राहिली तर साउंडबॉक्समधल्या पडद्याभोवतीची रबरी कडी कडक झालीत. ते काम माझ्याकडे.

आता मुख्य. तुझ्या वयाचा असताना मी चावी भरलेली असतानाच गव्हर्नर सोडवला होता. अडवणारं कोणी उरलं नाही, चाकं भणाणत सुटली आणि एका चाकाचे दात साफ गेले. आजोबा आठवडाभर बोलले नाहीत. तू गव्हर्नर सोडवू नकोस. स्प्रिंगच्या डब्याला तर हातच लावू नकोस. आत गुंडाळलेली पोलादी पट्टी बोटं कापते.

शनिवारी घेऊन ये. अंधेरीहून मेट्रोने घाटकोपर, पुढे स्लो लोकल. निघण्याआधी थाळी आपोआप थांबेपर्यंत फिरू दे, चावी पूर्ण उतरली पाहिजे. साउंडबॉक्स काढून रुमालात गुंडाळून वेगळा आण.

तुझा,
मामा