‘आवाज वाढवा’ या हुकमाविषयी

मैफलीत स्वर पोचेनासा झाला की श्रोते, चिटणीस आणि खुद्द गायक या सर्वांच्या मुखातून ‘आवाज वाढवा’ हा एकच हुकूम सुटतो. परंतु संगीत मंडळाची व्यवस्था दीर्घकाळ पाहिल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की, या हुकमाची तामिली जितकी तत्परतेने होते, तितकी मैफल लवकर हातची जाते.

एका गणेशोत्सवात मंडपवाल्याने शोभेच्या दृष्टीने दोन्ही स्पीकर गायिकेच्या पाठीशी, पडद्यालगत उभे केले होते. स्पीकरमधून निघालेला स्वर माईकमध्ये शिरे, तेथून पुन्हा स्पीकरकडे जाई, आणि बटण जरा फिरताच मंडपभर कर्कश शिट्टी घुमे. तिच्या धास्तीने आवाज उतरवावा तर बाईंना स्वतःचेच गाणे ऐकू येईना, सबब त्या गळा ताणीत, आणि मध्यंतरापूर्वीच तार षड्जावर त्यांचा आवाज चिरकू लागला. मध्यंतरात स्पीकर पुढल्या कडेला, श्रोत्यांकडे तोंड करून हलवले, आणि त्याच सामग्रीवर उत्तरार्ध निर्वेध पार पडला.

म्हणून या कामी नव्याने पडणाऱ्यांनी शक्तीपेक्षा स्थानाचा विचार आधी करावा. स्पीकर नेहमी माईकच्या पुढे असावेत. मुख आणि माईक यांतील अंतर निम्मे केले, तर बटणाला हात न लावता सुमारे ६ डेसिबलची प्राप्ती होते. मात्र फार जवळ गेल्यास खर्जाचे स्वर फुगतात, तेव्हा मिक्सरवर १०० हर्ट्‌झच्या खालचा भाग कापण्याची तजवीज करावी. १९६६ साली निघालेल्या शुअर एसएम५८ सारखा हृदयाकृती ग्रहणक्षेत्राचा माईक पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो, म्हणून गायकाला स्वतःचे गाणे ऐकवणारा स्पीकर, म्हणजे मॉनिटर, बरोबर त्या दिशेस ठेवावा. माईकची जाळी मुठीत धरू देऊ नये, कारण त्यायोगे हा गुणच नष्ट होतो. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपूर्वीची मुभा सुमारे ३ डेसिबलने घटते. तेव्हा निवेदकाचा माईक निवेदन संपताच बंद करवावा.

तालीम तंबोरे व तबला यांसह घ्यावी. परंतु रिकाम्या सभागृहातील घुमारा श्रोते बसल्यावर कमी होत असल्यामुळे, अखेरचा निर्णय पहिला ख्याल चालू असता, रंगमंचाशेजारून नव्हे तर श्रोत्यांच्या मध्यभागी बसून करावा.