व्याख्यान समजते, पण लक्षात राहत नाही

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे. नोकरी आणि घर सांभाळून इग्नूमधून बी. कॉम. करते आहे. रात्री मोबाइलवर व्याख्याने पाहते, तेव्हा सगळे समजते. आठवड्याने काहीच आठवत नाही. सोडून देऊ का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, सोडू नका. तीन वर्षांची ही पदवी पूर्ण करायला इग्नू सहा वर्षांपर्यंत मुदत देते. ती तुमच्यासारख्यांसाठीच आहे. एखाद्या सत्रात कमी पेपर दिलेत, तर त्यात काही कमीपणा नाही.

ऐकताना समजणे वेगळे आणि स्वतःहून आठवणे वेगळे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवले, की पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहते. म्हणून वीस मिनिटे पाहा, मोबाइल पालथा ठेवा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. जमाखर्चाच्या नोंदी तर नुसत्या बघून कुणालाच येत नाहीत, त्या हातानेच कराव्या लागतात. अडले तेवढेच पुन्हा पाहा. दोन-तीन दिवसांनी तोच कागद नव्याने लिहा.

स्वाध्याय शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. बहुतेक विषयांत त्यांना ३० टक्के भारांक असतो. पुस्तके इग्नूच्या ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर मोफत मिळतात.

मला जास्त काळजी वाटते ती रात्री मोबाइलवर एकटीनेच शिकताना येणाऱ्या एकटेपणाची. अभ्यास केंद्रावरच्या समुपदेशन वर्गाला एकदा तरी जाऊन या. तुमच्यासारखीच नोकरी करून शिकणारी एखादी मैत्रीण तिथे भेटली, तर तिच्याशी रविवारचा एक तास ठरवून टाका.