वाटणीआधी वाट

चि. सोनूस मामाचे अनेक आशीर्वाद.

खात रोडचा प्लॉट तू आणि दादा वाटून घेताय, हे तुझ्या आईने फोनवर सांगितले. भांडण नाही हे ऐकून बरे वाटले. पण नकाशावर मधोमध आडवी रेघ मारलीत म्हणे, ती तेवढी पुसा.

हिशेब कर. रस्त्याकडे 40 फूट, आत 60. एकूण 2400 चौरस फूट. मागचा भाग तू घेणार म्हणजे तुला जायला वाट हवी. बाजूने 10 फुटांची वाट तुझ्या हिश्शात धरली आणि दोघांना सारखे 1200 द्यायचे म्हटले, तर दादाचा तुकडा 30 बाय 40 होतो. तुझा 40 बाय 20, शिवाय 40 फूट लांब वाट. म्हणजे तुझ्या 1200 पैकी 400 फुटांवर तू नुसता चालणार! उभा कापला तर 20 बाय 60 चे दोन पट्टे, रस्ता दोघांनाही. घर अरुंद होईल हे खरे; सामासिक अंतर सोडून बांधायला किती उरते ते आर्किटेक्टकडून आधी काढून घे. मी असतो तर उभाच कापला असता.

आडवाच ठरला तर वाटेची लांबी-रुंदी, नळ आणि नाली कुठून जाणार, सगळे कागदात लिही. दादा तुला अडवणार नाही, पण उद्या त्याच्याकडून घर घेणारा अडवेल.

आणि साकोलीच्या ताईला विचारलेत का? प्लॉट तुझ्या बाबांनी स्वतः घेतलेला, मृत्युपत्र केले नव्हते. अशा मिळकतीत 1956 च्या वारसा कायद्यापासूनच मुलगी आणि विधवा मुलाइतक्याच वारस आहेत. 2005 ची दुरुस्ती वडिलोपार्जितासाठी होती. ताई आणि आई खुशीने सोडत असतील तर हक्कसोडपत्र नोंदवा. साडीचोळीने सातबारा बदलत नाही, आखीव पत्रिकाही नाही.

आखीव पत्रिकेवर सत्ताप्रकार वाचून घे. नझूलचा भाडेपट्टा असेल तर गोष्ट वेगळी, आधी त्या कार्यालयात जा. प्लॉटचे तुकडे करणे हाही 1966 च्या नगररचना कायद्याने विकासच, म्हणून नगर परिषदेची मंजुरी हवी. मग दुय्यम निबंधकाकडे वाटणीपत्र, भूमी अभिलेखकडे पोटहिस्सा मोजणी आणि फेरफार. नोटरीच्या शिक्क्यावर भागवू नका.

नंबर तर तुम्ही आधीच वाटून घेतलेत, जुना दादाचा आणि तुझा ‘ब’, याचे हसू आले. प्लॉटचा पोटनंबर भूमी अभिलेखवाले देतील. घर क्रमांक नगर परिषद कराच्या आकारणीसाठी देते, त्याचा प्लॉट नंबराशी मेळ बसेलच असे नाही. टपाल खात्याने 2025 मध्ये डिजिपिन आणला. साधारण 4 बाय 4 मीटरच्या चौकोनाला दहा अक्षरांचा संकेत. डिलिव्हरीवाल्याला घर सापडेल, पण त्याने मालकी सिद्ध होत नाही. तेव्हा फाटकावर मनाने नंबर रंगवू नकोस. आकारणी वेगळी करून घे, नंबर हातात आला की वीजबिल आणि आधारचा पत्ता बदल.

मोजणीच्या दिवशी लगतच्या दोन्ही शेजाऱ्यांना हजर राहायला सांग. नोटीस त्यांनाही जाते, पण तू स्वतः जाऊन सांगितलेले बरे. तारीख कळव, मी येतो.

तुझा,
मामा