भाड्याच्या देण्याचा हिशेब : खाद्यपदार्थांच्या कंपनीचा ताळेबंद कसा वाचावा?

आज नोकरदार माणूसही आपल्या बचतीतून कंपन्यांचे शेअर्स घेऊ लागला आहे. परंतु शेअर घेताना तो नफ्याचा आकडा पाहतो, देण्याचा पाहत नाही. खाद्यपदार्थांची दुकाने चालवणाऱ्या कंपन्यांच्या बाबतीत ही चूक महागात पडू शकते.

पश्चिम व दक्षिण भारतातील मॅकडोनाल्ड्सची उपाहारगृहे वेस्टलाइफ फूडवर्ल्ड ही कंपनी आपल्या उपकंपनीमार्फत चालवते. अशा व्यवसायात दुकान कंपनीचे असले तरी गाळा बहुधा दुसऱ्याच्या मालकीचा असतो. गाळ्याचा करार अनेक वर्षांचा असतो. म्हणजे आज सही केली की पुढील कित्येक वर्षांचे भाडे डोक्यावर आले.

पूर्वी अशा बहुतेक करारांचे देणे ताळेबंदात दिसत नसे, ते मागच्या टिपांमध्ये असे. भारतात 1 एप्रिल 2019 पासून इंड एएस 116 हे लेखामानक लागू झाले आणि हे देणे ताळेबंदात आले.

हे कसे मांडतात ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. भाडे वर्षाला 1,00,000 रुपये, वर्षाअखेर द्यायचे, मुदत 5 वर्षे व व्याजदर 10 टक्के. एकूण द्यायचे 5,00,000 रुपये. पण पुढे द्यायच्या रुपयाची आजची किंमत कमी असते. त्या हिशेबाने ताळेबंदात देणे दिसेल सुमारे 3,79,079 रुपये. उरलेले 1,20,921 रुपये व्याज म्हणून पाच वर्षांत खर्ची पडतील. म्हणून केवळ ताळेबंदातील आकडा पाहून थांबू नये. टिपांमध्ये एक वर्षाच्या आत किती व त्यानंतर किती द्यायचे, याचा मुदतवार तक्ता असतो. त्यात पूर्ण रक्कम दिसते.

तरीही काही देणी या आकड्यांत येत नाहीत. विक्रीच्या टक्केवारीवर ठरणारे भाडे, तसेच कंपनीने सवलत घेतली असल्यास बारा महिन्यांपर्यंतच्या करारांचे भाडे, यांचा खर्च वेगळा दाखवतात. तोही शोधावा.

दुसरी सावधगिरी नफ्याबाबत. आता भाड्याऐवजी घसारा व व्याज दाखवले जाते. त्यामुळे व्याज व घसाऱ्यापूर्वीचा नफा फुगलेला दिसतो. वरील उदाहरणात तो वर्षाला एक लाखाने वाढेल. प्रत्यक्षात मात्र तेवढेच पैसे गाळामालकाला द्यावे लागतात. उलट पहिल्या वर्षी घसारा 75,816 व व्याज 37,908 मिळून खर्च 1,13,724 रुपये होतो, म्हणजे भाड्याहून जास्तच.

2020 च्या टाळेबंदीत उपाहारगृहांत बसून खाणे बंद झाले, गल्ला आटला, पण करार संपले नाहीत. कंपन्यांना भाडेसवलतीसाठी मालकांशी बोलणी करावी लागली. विक्री थांबली तरी देणे थांबत नाही, हाच यातील धडा आहे.

तेव्हा वाचकहो, वार्षिक अहवाल हाती आला की तीन प्रश्न विचारा. एकूण भाडे किती द्यायचे आहे? त्यातील येत्या वर्षात किती? आणि धंद्यातून येणारी रोख रक्कम त्याला पुरेल काय? घामाचा पैसा गुंतवण्यापूर्वी एवढे तपासले, तरी या लेखाचा हेतू सफल झाला असे मी समजेन.